निकस दगडाची भिंत

आमच्या घरात ‘ऑफिस’ या शब्दाला एकच अर्थ होता. चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीचं बैठं, पत्र्याच्या छपराचं टाइम ऑफिस. समोरच्या भिंतीत छातीइतक्या उंचीवर एक खिडकी. खिडकीला गज आणि गजांखाली हात आत जाईल एवढी फट. बाबा त्या खिडकीच्या आत बसायचे. हाजरीबाबू होते ते. दुपारी डबा पोचवायला मी जायची, तेव्हा पाळी बदलायची वेळ असायची. डोक्यावर टोपी, कमरेला दिव्याची बॅटरी, पापण्यांवर काळी भुकटी अशा माणसांच्या रांगेत मीही उभी राहायची. बाबांच्या खोलीत बाजूच्या दारानं जाता आलं असतं. पण तसं जायचं नाही, ही बाबांचीच शिस्त. त्यामुळे खाणीचं ऑफिस मी कायम बाहेरून पाहिलं. गजांमधून दिसणारं बाबांचं कपाळ, चष्मा आणि लिहिणारा उजवा हात. रांगेतल्या माणसांना ऑफिस जेवढं दिसायचं, तेवढंच मलाही.

पुढे कितीतरी वर्षांनी, बाबा गेल्यानंतर, मी अमेरिकेतल्या कॅल्युमेटला गेले. माझी भाची होटनच्या मिशिगन टेक विद्यापीठात शिकत होती. विद्यापीठ मुळात खाणकाम शिकवण्यासाठीच निघालेलं. लेक सुपीरियरच्या अफाट गोड्या पाण्यात कीविनॉ नावाचं एक द्वीपकल्प बोटासारखं घुसलेलं आहे. होटन त्याच्या मध्यावर, आणि तिथून साधारण वीस किलोमीटर उत्तरेला कॅल्युमेट. ऑक्टोबर होता. मेपलची झाडं पेटल्यासारखी लाल झाली होती. भाची म्हणाली, “मावशी, तुला खाणीचं ऑफिस बघायचंय ना? मग हेच बघ. यापुढं सगळी ऑफिसं लहान वाटतील.”

कॅल्युमेट अँड हेक्ला ही एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या तांब्याच्या कंपन्यांपैकी एक. तिचं हे मुख्य ऑफिस 1887 मध्ये बांधलं. बोस्टनच्या शॉ अँड हनवेल या वास्तुविशारदांनी त्याचा आराखडा केला. मनात मी खांब, घुमट, पायऱ्यांवर सिंह असं काहीतरी धरून चालले होते. तसलं काहीच नव्हतं. रस्त्याच्या कडेला एक लांबट, भारदस्त, पण दिमाख न मिरवणारी इमारत उभी होती. उतरतं छप्पर, ओळीनं खिडक्या, खिडक्यांच्या कडांना आणि भिंतींच्या कोपऱ्यांना लाल विटांची किनार. विटांच्या त्या चौकटींमध्ये मात्र एकसारखा घडवलेला दगड नव्हता. करडे, तपकिरी, गंजासारखे लालसर, कुठे हिरवट झाक असलेले, वेड्यावाकड्या आकाराचे दगड एकमेकांत बसवले होते. एकाचा आकार दुसऱ्याला नाही. गोधडीत जुन्या लुगड्यांचे तुकडे असावेत, तशी ती भिंत.

हे दगड खाणीतून आलेले. तिथल्या लोकांचा त्यांच्यासाठी एक शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ ‘गरीब दगड’. आपण निकस म्हणू. खाणीतून वर आलेला सगळा दगड कामाचा नसे. ज्यात पुरेसं तांबं, तो लेक लिंडनच्या गिरणीत कुटायला जायचा. ज्यात तांबं नाही किंवा नावापुरतंच, त्याचे ढिगारे खाणींच्या तोंडाशी साचायचे. त्या ढिगाऱ्यांतून दगड उचलून कंपनीनं आपल्या इमारती बांधल्या, आणि त्यांतच हे ऑफिस. हिशोबाच्या दृष्टीनं बरोबरच होतं. दगड फुकटचा आणि हाताशी होता. पण मी भिंतीला हात लावला आणि मनात वेगळंच आलं. हा प्रत्येक दगड कुणीतरी जमिनीखाली, मेणबत्तीच्या उजेडात, हातानं फोडून भरलाय. वर आणल्यावर त्याची किंमत शून्य ठरली. खाली फोडणाऱ्याला मात्र तो तांब्याच्या दगडाइतकाच जड होता.

पुण्यात राहायला लागल्यापासून काळा दगड मला घरचा वाटतो. आपला दख्खन लाव्हा थिजून झालेल्या त्याच दगडाचा. त्यामुळे कीविनॉचा कणाही लाव्हाच्याच थरांचा आहे हे कळलं, तेव्हा सासरी माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. आपला लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा एकशे दहा कोटी. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, आणि मागाहून त्या पोकळ्यांमध्ये खनिजं साचतात. पुणे, नाशिक, जळगावकडे त्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे, गुलाबी, हिरवे स्फटिक मिळतात. कीविनॉमध्ये तिथं शुद्ध तांबं साचलं. कॅल्युमेटचं सगळ्यांत श्रीमंत तांबं मात्र बुडबुड्यांतलं नव्हतं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये पुरानं आणून टाकलेल्या लालसर गोट्यांचा एक थर आहे. त्या गोट्यांमधल्या फटी तांब्यानं भरल्या होत्या. दगड वितळवून धातू काढावा, अशी ही गोष्ट नव्हती. धातू धातूच्याच रूपात होता, फक्त गोट्यांना घट्ट धरून बसलेला. युरोपीय लोक यायच्या हजारो वर्षे आधीपासून तिथली माणसं हे तांबं काढून हत्यारं, दागिने घडवत होती. 1842 मध्ये ओजिब्वे लोकांशी तह करून अमेरिकी सरकारनं ती जमीन घेतली आणि खाणींची झुंबड उडाली. 1864 मध्ये एडविन हल्बर्टला हा गोट्यांचा थर सापडला.

थर सापडणं वेगळं आणि खाण चालवणं वेगळं. सुरुवातीला कारभार इतका विस्कटला, की भांडवल घालणाऱ्या बोस्टनकरांनी 1867 मध्ये आपला माणूस पाठवला. अलेक्झांडर अगासी त्याचं नाव. प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासींचा तो मुलगा, आणि स्वतः समुद्रातल्या प्राण्यांचा नामवंत अभ्यासक. त्याची बहीण पॉलीन ज्या क्विन्सी अॅडम्स शॉला दिली होती, तो या खाणींमागचा मोठा भांडवलदार. अगासीनं खाणी रुळावर आणल्या. 1871 मध्ये कॅल्युमेट आणि हेक्ला या दोन्ही खाणी एक झाल्या आणि तो कंपनीचा अध्यक्ष झाला, तो 1910 मध्ये मरेपर्यंत. खाणीतून आलेल्या पैशातला मोठा वाटा त्यानं हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाला दिला. त्याचा बसलेला ब्राँझचा पुतळा आज ऑफिसच्या जवळच आहे. ब्राँझ म्हणजे निम्म्याहून बरंच अधिक तांबंच. पुतळ्यासमोर उभी राहून मी विचार करत होते, या माणसाला समुद्रतळाचा एकेक जीव नावानिशी ओळखू यायचा. त्याच्या खाणीत उतरणाऱ्यांची नावं मात्र या इमारतीतल्या कारकुनांच्या हाती होती.

खाणीचं ऑफिस म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. खाण जमिनीखाली असते, ती कुणाला दिसत नाही. वर दिसतं ते ऑफिस. खाली जे घडतं, ते इथं आकडा होऊन येतं. किती फूट खणलं, किती टन काढलं, कोण हजर, कोण गैरहजर, कोण जखमी. कॅल्युमेटमध्ये तर त्यापुढेही बरंच होतं. गावाखालची जमीन कंपनीची, तिच्यावरची कित्येक घरंही कंपनीची. चर्चला जागा, मुलांना शाळा, आजाऱ्यांना दवाखाना, सगळ्यांच्या मुळाशी कंपनी. ऑफिससमोरच 1898 मध्ये कंपनीनं वाचनालय बांधलं. भिंत त्याच खाणीच्या दगडाची. आत नाना भाषांतली पुस्तकं आणि तळघरात कामगारांना अंघोळीची सोय. फिनलंड, कॉर्नवॉल, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, इटली, पोलंड अशा कुठून कुठून आलेली माणसं. घरी गरम पाणी नसलेला माणूस इथं येऊन न्हाऊन, पुस्तक घेऊन परत जायचा. हे चांगलंच होतं, आणि मी ते मनापासून चांगलं म्हणते. पण घर, पुस्तक, औषध आणि मजुरी जेव्हा एकाच दारातून मिळते, तेव्हा त्या दाराशी माणूस मान वर करून बोलू शकत नाही, हेही मी रांगेत उभी राहून पाहिलेलं आहे.

इमारतीचं साल पुन्हा आठवा : 1887. त्याआधीची चाळीसेक वर्षं अमेरिकेच्या तांब्याची राजधानी म्हणजे हेच द्वीपकल्प. त्याच 1887 च्या सुमारास मोन्टानातल्या ब्यूट खाणींनी त्याला मागं टाकलं. म्हणजे भिंती वर चढत होत्या, तेव्हा उतरणीची सुरुवात झाली होती. पण तेव्हा ते कुणाला जाणवलं नसणार. दोनच वर्षांनी, 1889 मध्ये, कंपनीनं रेड जॅकेट नावाची उभी विहीर खणायला घेतली. ती जवळजवळ दीड किलोमीटर खोल गेली. खाली तांबं होतं, तोवर वर माणसं वाढत गेली. 1910 च्या जनगणनेत कॅल्युमेट टाउनशिपची वस्ती 32 हजारांवर होती. 1900 मध्ये उघडलेलं भव्य नाट्यगृह तिथं अजूनही आहे.

ऑफिसच्या भिंतीपाशी सगळ्यांत जास्त वेळ मी 1913 या वर्षाचा विचार करत उभी राहिले. तोवर खाणीत दगडाला भोक पाडायचं यंत्र दोघे मिळून चालवत. कंपन्यांनी हलकं, एका माणसानं चालवायचं यंत्र आणलं. कागदावर ती बचत होती. खाली काम करणाऱ्याला ती वेगळीच दिसली. जोडीदार गेला म्हणजे निम्म्या लोकांची रोजी गेली, हे तर झालंच. पण अंधारात एकटं पडणं, छत कोसळलं तर हाक ऐकायला शेजारी कुणी नसणं, याला कुठल्या रकान्यात धरायचं? आमच्या खाणीतले लोक म्हणायचे, “खाली जोडीदार म्हंजे दुसरा जीव.” 23 जुलै 1913 रोजी कीविनॉचे हजारो कामगार संपावर गेले. त्यांना आठ तासांचा दिवस हवा होता, दिवसाला किमान तीन डॉलर मजुरी हवी होती, एकमाणशी यंत्र नको होतं, आणि कंपनीनं युनियनला मान्यता द्यावी अशी मागणी होती. जेम्स मॅक्नॉटन हा तेव्हा कंपनीचा सर्वेसर्वा. लहानपणी याच कंपनीत पाणी वाहायचं काम केलेला. खिडकीच्या बाहेरून आत पोचलेला तो माणूस. पण युनियनशी बोलायला तो शेवटपर्यंत तयार झाला नाही. राज्यपालांनी सैन्याच्या तुकड्या पाठवल्या. अॅना क्लेमेन्क ही कॅल्युमेटमध्येच जन्मलेली, स्लोव्हेनियन आईबापांची मुलगी, खाणकामगाराची बायको. भलामोठा झेंडा खांद्यावर घेऊन ती रोज मोर्च्यापुढे चालायची.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी संपकऱ्यांच्या मुलांसाठी इटालियन हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. बायकांनीच तो आखलेला. वरच्या मजल्यावर शेकडो माणसं. खाऊ वाटणं चालू होतं. कुणीतरी ‘आग’ म्हणून ओरडलं. आग नव्हती. जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि 73 माणसं गेली. त्यांत 59 मुलं. ओरडलं कोण, हे आजवर ठरलेलं नाही. संप एप्रिल 1914 पर्यंत कसाबसा चालला आणि मोडला.

हॉलची इमारत 1984 मध्ये पाडली. दाराची कमान तेवढी ठेवली आहे. ऑफिसपासून तिथं चालत जाता येतं. एका बाजूला निकस दगडाची अभंग भिंत, दुसऱ्या बाजूला आकाशाखाली एकटी कमान. गावाच्या इतिहासातलं काय टिकवायचं, हे लोकांनी दोनदा ठरवलं. एकदा विचार करून, आणि एकदा उशीर झाल्यावर.

ऑफिसची भिंत टिकली, खाण नाही. पहिल्या महायुद्धानंतर खोल खाणीतलं तांबं महाग पडू लागलं. कंपनी लहान होत होत तग धरून राहिली. 1968 मध्ये ती दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली, त्याच वर्षी कामगार संपावर गेले, आणि मग खाणी पुन्हा उघडल्याच नाहीत. पंप थांबले. शंभर वर्षं हटवलेलं पाणी हळूहळू परत भरलं. रेड जॅकेटची ती खोल विहीर आज पाण्याखाली आहे. 1992 मध्ये सरकारनं इथं कीविनॉ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केलं आणि त्याचं मुख्य ठाणं या इमारतीत आलं. खाणीचे आकडे जिथं लिहिले जायचे, तिथं आता खाणीची आठवण सांभाळणारी माणसं बसतात. थंडीत या भागात पाचसहा मीटर बर्फ पडतं. 1978-79 च्या हिवाळ्यात तर 390 इंच पडलं. तेवढं बर्फ शंभरावर वर्षं अंगावर घेऊन ती भिंत जागची हललेली नाही. किमतीत जो दगड गरीब ठरला, तो टिकण्यात गरीब नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाचीनं मला विद्यापीठाच्या अभिलेखागारात नेलं. कंपनीची नोकरीची कार्डं तिथं ठेवली आहेत. एका माणसाचं एक कार्ड. नाव, देश, वय, लग्न झालं की नाही, कामाला कधी लागला, काय काम, का सोडलं. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ आपल्या आजोबांचं कार्ड शोधत होते. सापडत नव्हतं. तिथल्या बाईंनी समजावलं, की फिनलंडहून आलेल्यांची लांब आडनावं इथं बहुतेकदा तोडली जात. टेकडीला फिनिशमध्ये ‘माकी’ म्हणतात. शेवटी ‘माकी’ येणाऱ्या किती आडनावांचं नुसतं ‘माकी’ होऊन गेलं. त्यामुळे आजोबांना गावानं आणि घरानं दिलेल्या नावानं शोधून चालणार नाही. कारकुनानं त्यांना काय म्हटलं असेल, असं शोधावं लागेल.

हे ऐकलं आणि मी होटनमधून थेट बाबांच्या खिडकीशी पोचले. आमच्या खाणीत तेलंगणातून, छत्तीसगडातून, आजूबाजूच्या गोंड पाड्यांवरून माणसं यायची. बी फॉर्मच्या रजिस्टरात नाव चढल्याशिवाय माणूस खाणीचा होत नसे. घाईत कुणाच्या आडनावाच्या जागी गावाचं नाव पडे, कुणाचं अर्धं नावच गळे. माणूस धडधाकट असतो तोवर काही बिघडत नाही. एकदा एक बाई आली. नवरा गेलेला. रजिस्टरातलं नाव एक, रेशनकार्डावरचं दुसरं. हा तिचा नवराच नाही, असं वरच्या कचेरीनं ठरवलं. बाबांनी तीन रविवार जुनी रजिस्टरं चाळली. माझ्यापुढं धुळीनं शिंकत एकेक पान उलटत बसले. शेवटी पहिल्या दिवसाची नोंद सापडली. तिथं नाव बरोबर होतं. पुढे उतरवताना कुणीतरी चुकवलेलं. त्या नोंदीवर तिचं काम झालं. त्या दिवसापासून नवा माणूस आला की बाबा लेखणी थांबवायचे. “तुमचं नाव तुम्हीच सांगा भाऊ. सावकाश सांगा. मी लिहितो फक्त.” मग लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचे. माणूस मान हलवायचा, मगच रजिस्टर मिटायचं. रांग लांबायची. साहेब चिडायचे. बाबा बधले नाहीत.

लहानपणी मला वाटायचं, बाबांचं काम फार क्षुल्लक आहे. ते कोळसा काढत नाहीत, यंत्र चालवत नाहीत, नुसती नावं लिहितात. कॅल्युमेटहून परतले तेव्हा वेगळं कळलं होतं. खाण संपते. तांबं तारांमध्ये, नाण्यांत, पातेल्यांत जगभर पसरून ओळखेनासं होतं. विहिरीत पाणी भरतं. उरतं ते ऑफिस, आणि ऑफिसात उरतं ते लिहिलेलं नाव. ते चुकलेलं असेल, तर तो माणूस दुसऱ्यांदा जमिनीखाली जातो, आणि यावेळी त्याला वर काढायला पाळणा नसतो. म्हणून खाणीच्या ऑफिसची खरी मजबुती त्याच्या दगडात नसते. आत बसलेला माणूस खिडकीबाहेरच्या माणसाचं नाव किती काळजीनं ऐकतो, यात असते.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांना कार्ड सापडेपर्यंत आम्ही थांबलो. दुपार टळून गेली. शेवटी बाईंनी एक पिवळं कार्ड पुढ्यात ठेवलं. त्यांनी त्यावरचं तोडलेलं नाव वाचलं, खिशातून पेन काढलं, आणि आपल्या वहीत आधी ते, मग त्याखाली आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. ती भाषा मला येत नव्हती. तरी वाचून संपेपर्यंत मी मान हलवत राहिले, रांगेतली माणसं हलवायची तशी.